आधीच पैसे मोजलेली ऊब

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की नांदेड-लातूर रस्त्याला रात्रीचीही उसंत नसते. लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरायची असते, घोडे-गाढवं घेऊन आलेली माणसं माळावर उतरलेली असतात. इकडे लातूर जिल्ह्यात येळवस तोंडावर आलेली, म्हणून पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली पोरं रातोरात गावाकडे निघतात. त्यात उसाचे ट्रॅक्टर. आणि वर थंडी. मराठवाड्याची थंडी थोड्या दिवसांची असते, पण पडली की हाडात शिरते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री चहाच्या टपरीवर थांबलेल्या गाड्यांमध्ये डोकावून बघा. चार माणसं शाली, मफलर, कानटोप्या घालून कुडकुडत बसलेली असतात आणि हीटर बंद असतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अ‍ॅव्हरेज पडतं."

ही धास्ती एसीमुळे बसली आहे आणि एसीपुरती ती खरीही आहे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो चालू झाला की इंजिनाला जादा जोर लावावा लागतो आणि तो जोर टाकीतल्या पेट्रोलमधूनच येतो. हीटरचं तसं नाही. पेट्रोल किंवा डिझेलच्या साध्या गाडीत हीटर म्हणून वेगळं काही पेटतच नाही. तुमच्या पायांशी येणारी ऊब इंजिनाने कधीच तयार करून ठेवलेली असते; तुम्ही ती घेतली नाहीत तर गाडी ती रस्त्यावर सोडून देते. या एका गोष्टीत एवढं विज्ञान आणि एवढी गंमत भरलेली आहे की ती नीट उलगडून सांगावीशी वाटते.

हिशेब पेट्रोलपासून करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते; वीजबिलावर असतं तेच युनिट. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचं म्हणजे सुमारे १४० किलोमीटर. गाडी लिटरला १७-१८ किलोमीटर देत असेल तर ८ लिटर लागेल, म्हणजे ७२ युनिट. त्यातली चाकांपर्यंत पोचतात जेमतेम १८-२०. बाकी पन्नासेक युनिट उष्णता होऊन निघून जातात. काही सायलेन्सरमधून, काही इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्यातून, थोडी इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून. एकट्या पाण्याच्या वाट्याला वीसेक युनिट येतात. आता बाहेर १० अंश असताना गाडीची आतली जागा उबदार ठेवायला किती लागतं? बाजारात मिळणारा खोलीचा हीटर साधारण २ किलोवॉटचा असतो. गाडीला एकदा ऊब धरल्यावर त्याहून कमीच पुरतं. तीन तासांच्या प्रवासात चार-पाच युनिट धरा. वीस युनिट वाया चाललेली असताना त्यातली पाच आपण घेतली, तर पंपावरच्या हिशेबात त्याने काहीच फरक पडत नाही.

एवढी उष्णता वाया का घालवायची, इंजिन सुधारता येत नाही का, असं कुणालाही वाटेल. फ्रान्समधल्या सादी कार्नो नावाच्या तरुण इंजिनियरने १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. उष्णतेतून काम काढायचं असेल तर ती उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे वाहिली पाहिजे, आणि वाहताना तिचा काही भाग थंड जागेला द्यावाच लागतो. इंजिन कितीही कसबाने बनवलं तरी हा वाटा चुकवता येत नाही. इंजिनियर लोक दोनशे वर्षं हा वाटा कमी करत आले, शून्य करणं कुणालाच जमलेलं नाही आणि जमणारही नाही. कार्नो छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्याने गेला. त्याच्या वेळी मोटारगाडी नव्हती, पण आपल्या हीटरमधून येणारी ऊब म्हणजे त्याने सांगितलेला तोच वाटा आहे.

आता बॉनेटखाली बघू. सिलिंडरच्या भिंतींमध्ये पोकळ वाटा कोरलेल्या असतात आणि त्यांतून कूलंट फिरत असतं. इंजिन थंड असताना हे पाणी पुढच्या रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनातच घिरट्या घालतं. वाट अडवून बसलेला असतो तो थर्मोस्टॅट. अंगठ्याएवढी पितळी डबी, तिच्यात मेण आणि वर एक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. बहुतेकांवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी तेवढं तापलं की मेण वितळतं, वितळताना फुगतं, आतली दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी थंडावलं की मेण आळतं आणि वाट मिटते. वायर नाही, सेन्सर नाही. चांगला मेकॅनिक संशय आला तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकतो आणि पातेलं गॅसवर ठेवतो. पाण्याला उकळी फुटायच्या आधी डबी अलगद तोंड उघडते. संधी मिळाली तर हे एकदा जवळून बघाच.

आणि इथेच आपल्याकडची एक वाईट सवय सांगायला हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४२-४४ ला टेकलेला असताना गाडी गरम होते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "आपल्याकडं त्याचं काय काम?" म्हणतात. काम हिवाळ्यात कळतं. मेणाची ती डबी नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापतच नाही, हीटरमधून कोमट वारा येतो आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. अ‍ॅव्हरेज पडल्याचा दोष मग हीटरवर जातो. तीच गत पाण्याची. कूलंटच्या जागी बोअरचं क्षाराचं पाणी ओतत राहिलं की आतल्या बारीक नळ्यांत थर बसतो, आणि सगळ्यात बारीक नळ्या असतात त्या हीटरच्या. हीटर कमी गरम करतो अशी तक्रार असेल तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

या फिरणाऱ्या पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे येतो. तिथे वहीएवढ्या आकाराचा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. त्याच्यावरून ब्लोअरचा पंखा हवा फेकतो आणि ती तापून तुमच्याकडे येते. संपला हीटर. बऱ्याच गाड्यांत तर हे गरम पाणी तिथून बाराही महिने वाहत असतं. निळ्याकडून लाल रंगाकडे आपण जे बटण फिरवतो, त्याने आत फक्त एक झडप हलते आणि हवा त्या रेडिएटरवरून न्यायची की बाजूने, एवढंच ती ठरवते. म्हणजे मे महिन्यात एसीची गार हवा खात बसलेलो असतानाही ८०-९० अंशांचं पाणी आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर फिरत असतं. जुने ड्रायव्हर घाट चढताना काटा लाल रेघेकडे जायला लागला की भर उन्हाळ्यात काचा खाली करून हीटर पूर्ण सोडतात, ते याचसाठी. इंजिनाला त्या घडीपुरता आणखी एक रेडिएटर मिळतो.

आपल्या घरातली चूल हेच करत आली आहे. पुढे भाकरी भाजली जाते, आणि तोच जाळ मागे सरकून वैलावरचं कालवण गरम ठेवतो. वैलासाठी वेगळं लाकूड कुणी लावत नाही. मोटारीला ही युक्ती सुचायला मात्र बराच काळ गेला. सुरुवातीच्या गाड्या उघड्याच असत, त्यामुळे ऊब धरून ठेवायला जागाच नव्हती. पुढे सायलेन्सरच्या नळीभोवतीची गरम हवा आत सोडण्याचे प्रयोग झाले. १९३८ साली अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा घेऊन, गाळून, इंजिनाच्या पाण्यावर तापवून आत देणारी पद्धत गाडीत आणली. आजचा हीटर त्याच घराण्यातला.

पण या युक्तीचं सगळ्यात भव्य रूप बघायचं असेल तर त्याच रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरमागे जायला हवं. विलासनगरचा मांजरा कारखाना असो की अर्धापूरकडचा भाऊराव चव्हाण, गाळप हंगाम ऐन थंडीत रंगात येतो. उसाचा रस म्हणजे बहुतांशी पाणी. साखर हवी तर ते उडवायला हवं, आणि पाणी उडवायला अफाट उष्णता लागते. साखर कारखान्यात त्यासाठी बाहेरून कोळसा आणावा लागत नाही. पिळून उरलेलं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, बॉयलरमध्ये जातं. त्यातून निघालेली जोरकस वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि वीज बनवते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत चाक फिरवायचा जोर उरलेला नसतो, पण तिचं तापमान अजून शंभराच्या वर असतं. ही दमलेली वाफ रस आटवायला पाठवतात.

गोष्ट इथेही थांबत नाही. पहिल्या भांड्यात रस उकळून जी वाफ निघते, ती दुसऱ्या भांड्यातला रस उकळते. दुसऱ्यातली तिसऱ्यातला, तिसऱ्यातली चौथ्यातला. प्रत्येक भांड्यात हवेचा दाब आधीच्याहून कमी ठेवलेला असतो, त्यामुळे पुढचा रस कमी तापमानालाही उकळतो. एकदा दिलेली उष्णता चार-चार वेळा कामाला येते. हे डोकं नॉर्बेर रिलिय याचं. न्यू ऑर्लीन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या, आफ्रिकी वंशाच्या आईच्या या मुलाने १८४० च्या दशकात त्याची पेटंटं घेतली, आणि जगभरचे साखर कारखाने आजही त्याच रीतीने रस आटवतात. रात्री कारखान्याच्या धुराड्यातून पांढरा लोट निघताना दिसला की मला आधी तो आठवतो. आधी काम करून घ्यायचं आणि मग उरलेल्या उष्णतेला दुसऱ्या कामाला लावायचं, हा कारखान्याचा नियम आपल्या गाडीच्या हीटरमध्येही जसाच्या तसा आहे.

मग हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज पडतं, ते खोटं का? खरंच पडतं. पण चोर वेगळे आहेत.

पहिला आणि मोठा चोर थंड इंजिन. रात्रभर गारठलेलं ऑइल घट्ट होतं. थंड धातूला लागलेल्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार, बाहेर उणे ७ अंश असताना शहरातलं अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी घसरतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ही घसरण २४ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे तोटाही कमी. पण कारण तेच. सकाळी मुलीला क्लासला सोडा, परत या, तासाने दूध आणायला पुन्हा गाडी काढा, असं तुकड्या-तुकड्यांनी चालवलं की इंजिन तापायच्या आतच बंद होतं. दोन कामं एका फेरीत उरकली तर हीटर बंद ठेवून वाचेल त्याच्या कितीतरी पट वाचतं.

दुसरा चोर अंगणातला. गाडी गरम होऊ दे म्हणून दहा-दहा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवायची सवय जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आजच्या इंजिनाला अर्धं मिनिट पुरतं. मग सावकाश निघावं, पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता. चालतं इंजिन उभ्यापेक्षा फार लवकर तापतं. डिझेल गाडी तर उभ्या-उभ्या तापता तापत नाही, कारण डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं. त्याची काटकसरच इथे आड येते.

हीटर कधी लावायचा, यालाही वेळ आहे. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारल्यावर निळ्या रंगाचा थर्मामीटरचा छोटा दिवा लागतो. तो विझेपर्यंत ब्लोअर बंद ठेवा. तोवर पाणी थंडच असतं. पंखा लावलात तर अंगावर गार वारा येईल आणि इंजिनाला तापायला हवी असलेली थोडीफार उष्णताही तुम्ही ओढून घ्याल. दिवा विझला की लावा आणि निर्धास्त लावा. खर्च होतो तो फक्त ब्लोअरच्या विजेचा. माझ्या हिशेबाने ब्लोअर एक नंबरवर ठेवून लातूर-नांदेड प्रवासात पेट्रोल जातं लिटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे एका कटिंगचा खर्च.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने कोंबलेला असतो. इंजिनात जाण्याआधी रिड्यूसरमध्ये त्याचा दाब उतरतो आणि एकदम पसरलेला गॅस इतका थंड होतो की रिड्यूसर गोठायला बघतो. त्याला वाचवायला इंजिनाच्या त्याच गरम पाण्याची एक नळी तिथे नेलेली असते. म्हणून पुष्कळ सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि पाणी पुरेसं तापल्यावरच गॅसवर जातात. थंडीत हा वेळ लांबतो. छोट्या फेऱ्या मारणाऱ्याचं पेट्रोल महिनाभरात कुठे गेलं, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

आपल्याकडच्या थंडीचा आणखी एक स्वभाव आहे. पहाटे १० अंश आणि दुपारी ३०. दुपारी उन्हात टायरमध्ये ३२ पीएसआय भरलेली हवा पहाटे २९ च्या आसपास भरते. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आक्रसलेली असते. टायर मऊ पडला की गाडी जड ओढते. फरक थोडा असतो, पण हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासली तर तोही राहत नाही. पहाटेची हवा दुपारच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी दाटही असते, आणि तिला कापत जायलाही जोर लागतो. त्यावर मात्र इलाज एकच, वेग थोडा आवरायचा.

आता काचेकडे वळू, कारण हिवाळ्यात जीव तिच्यावर अवलंबून असतो. विष्णुपुरीच्या जलाशयाकडून, गोदावरीच्या काठाने पहाटे धुकं धरतं, आणि नेमकी तेव्हाच समोरची काच आतून पांढरी होते. मग एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फडकं. यामागचा हिशेब विलक्षण आहे. १० अंशांची एक घनमीटर हवा ९-१० ग्रॅम बाष्प धरू शकते. गाडीत हवा असते साधारण ३ घनमीटर, म्हणजे एकूण ताकद तीसेक ग्रॅमची. एक माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं बसवा, काचा लावा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. दहा-बारा मिनिटांत हवा भरते आणि वरचं पाणी सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसतं. ती जागा म्हणजे काच.

हवा २५ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा २३ ग्रॅम धरते, दुपटीहून जास्त. म्हणून ब्लोअरचा रोख काचेकडे ठेवा, हीटर पूर्ण सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. बाहेर धुकं असलं तरी चालेल. ते १० अंशांचं धुकं हीटरवरून येताना तापतं आणि काचेवरचं पाणी टिपून घेतं. धुकं फारच दाट असेल तर सोबत एसी दोन-तीन मिनिटं लावा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल; पण एसी हवेतलं पाणी गाळून खाली ठिबकवतो आणि हीटर ती कोरडी हवा तापवतो. काच लख्ख होते. काच स्वच्छ झाली की एसी बंद करायचं मात्र विसरू नका. पुष्कळ गाड्यांत काच साफ करायचं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो, आणि त्याचा छोटा दिवा लागल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. हीटरने अ‍ॅव्हरेज पाडलं, असं ज्यांना खात्रीने वाटतं त्यांनी आधी तो दिवा बघावा. बालाघाटाच्या माथ्यावर लातूरकडे हवा बहुधा कोरडी असते, तिथे ताजी हवा आणि हीटर एवढ्यावर भागतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. यात्रेत, लग्नात किंवा रस्त्याकडेला थांबून गाडीत झोपायची वेळ आली तर इंजिन चालू ठेवून, काचा लावून, हीटरच्या उबेत कधीही झोपू नका. सायलेन्सर कुठे फुटलेला असला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. झोपेत काही कळत नाही. शेगडी तर आत आणूच नये. थांबलेल्या गाडीत घोंगडी आणि रजईच खरी.

आता नवी गंमत. हायब्रिड गाड्यांमध्ये इंजिन सिग्नलला, उतारावर बंद होतं आणि गाडी बॅटरीवर चालते. हीटर लावला तर पाणी गरम ठेवण्यासाठी ते मधूनच सुरू होतं, म्हणजे इथे ऊब थोडी विकत घ्यावी लागते. विजेवरच्या गाडीत तर ती सगळीच विकत. मोटर इतकी काटकसरी की वाया जाणारी उष्णता फार थोडी, मग गाडीतला विजेचा हीटर थेट बॅटरीतून ओढतो. ३० युनिटची बॅटरी असलेल्या गाडीला ताशी दीड युनिट हीटरसाठी देणं जाणवतं. चार्जरवर लागलेली असतानाच आतली हवा तापवून घेतली तर तो भार घरच्या विजेवर जातो, आणि सीट गरम करायची सोय असेल तर हवेपेक्षा अंग तापवणं फार स्वस्त पडतं.

म्हणूनच काही विजेच्या गाड्यांत आता हीट पंप येऊ लागले आहेत. हा उलटा चालणारा एसी. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून तो आत आणतो, आणि एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देतो. थंड हवेत कुठली उष्णता, असा प्रश्न पडतो खरा. पण उष्णता पूर्ण संपते ती उणे २७३ अंशांना. परभणीला पारा २ वर उतरतो तेव्हाही तिथली हवा त्या तळापासून २७५ अंश वर असते, आणि पंपाला त्या हवेतून आपला वाटा उचलता येतो.